बाळ टिपणिसाची नको-वही

बाळ टिपणीस आमच्याच सोसायटीत तिसऱ्या माळ्यावर राहतो. मुलुंड पूर्व, वय चौसष्ट, चार वर्षांमागं रिटायर. समोर आला की मी त्याला बाळासाहेब म्हणतो, अहो-जाहो करतो. कागदावर तेवढी तसदी घ्यायचं कारण मला दिसत नाही.

आमच्या माणदेशात पंगतीला एखादा गडी असा निघतोच, की ताट पुढ्यात आलं की त्यातलं काय बाहेर काढायचं ते आधी बघतो. कोथिंबीर कडेला, मिरची कडेला, लसणाची पाकळी दोन बोटांत धरून कडेला. भुकेचा पत्ता नाही, नुसतं चिवडणं. माझी आई असल्याला दुसऱ्यांदा वाढत नसे. टिपणीस त्या वाणाचा. उडप्याकडं गेला तर मसाला डोसा सांगणार, पण बटाटा नको, बटर नको, चटणी नको, सांबार वेगळ्या वाटीत. वेटर बिचारा विचारतो, मग साधाच आणू का? तर हा म्हणणार, साधा नको.

सोसायटीचा तो सहा वर्षं सेक्रेटरी होता. गेटाजवळचं बाकडं त्यानं काढलं, कारण बाहेरची माणसं त्यावर टेकत होती. पंपाशेजारचा नळ काढला, कारण भाजीवाली तिथं मेथी धूत होती. गच्चीवरच्या वाळवणाच्या तारा काढल्या, कारण समोरच्या बिल्डिंगीतून ते बरं दिसत नव्हतं. काढायला काही उरलं नाही तेव्हा त्यानं राजीनामा दिला.

आणलं मात्र एक, ते सांगितलं पाहिजे. त्यानं मराठी आणली. लिफ्टवर 'उद्वाहन' अशी पाटी आली, पार्किंगचं 'वाहनतळ' झालं. सोसायटीच्या नोटिशीत इंग्रजी शब्द दिसला की लाल पेनानं त्याला गोल. बँकेचा इंग्रजी फॉर्म आला तर तो परत पाठवणार, वर चार ओळींचं पत्र जोडणार. स्वतःच्या दारावर सागवानी पाटी, तिच्यात कोरलेली अक्षरं, पितळी रंग भरलेली: बाळ गजानन टिपणीस. दिवाळीला तो ती तेलाच्या बोळ्यानं पुसतो. ही पाटी ध्यानात ठेवा.

विक्रोळीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या खात्यात त्याची एकतीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर काही दिवस खिडकीत बसून बघितलं, मग घरात सर्व्हर बसवायचं घेतलं. सर्व्हर म्हंजे मोठं काही नाही. एक जुना कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा, त्यात फोटो, गाणी, कागदपत्रं भरायची, आणि ज्याला पाहिजे त्यानं आपल्या फोनवरून ती उघडायची. मशीन चालवायला लिनक्स नावाची प्रणाली घालतात, ती फुकट मिळते. टिपणिसाचा मुलगा मिहिर बंगळुरात हेच काम करतो. त्यानं सांगितलं, तयार बांधलेली घ्या बाबा, अर्ध्या तासात सुरू होईल.

टिपणिसाला तयार नको होती. दुसरी तऱ्हा अशी, की कच्चा माल आणायचा आणि प्रणाली घरीच बांधायची. बांधण्याआधी मशीन एकेक गोष्ट विचारतं. ब्लूटूथ पाहिजे का? प्रिंटर पाहिजे का? कॅमेरा? वायफाय? ओळींवर ओळी, शेकड्यानं, आणि प्रत्येकीपुढं हो नाहीतर नाही. ही यादी कुणीतरी सातासमुद्रापलीकडं बसून खास ह्याच माणसासाठी लिहिली असावी.

त्यानं एक लांबुळकी वही आणली. डावीकडं ऑप्शनचं नाव, उजवीकडं निळ्या पेनानं 'हवे' नाहीतर लाल पेनानं 'नको', आणि खाली तारीख घालून सही. ती वही त्यानं मला चार वेळा दाखवली. निळं औषधालासुद्धा सापडत नव्हतं. आवाजाची सोय नको, सर्व्हरला कान कशाला. प्रिंटर नको. मशीन दिवसभर काय करतं त्याची नोंद ते स्वतःच लिहून ठेवतं, ती नोंदही नको, डिस्क उगाच झिजते. एकेक 'नको' लिहिताना त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान, की जणू कुणाला तरी गेटाबाहेर काढलं.

जानेवारीत सोसायटीची सहल मनोरीला गेली. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीनं जायचं, पाच-सात मिनिटांचं पाणी. बाकीची माणसं पाणी बघत होती आणि टिपणीस मला बाजूला घेऊन ऑप्शन सांगत होता.

"जगातल्या सगळ्या लिप्या त्यात भरून ठेवतात हो नाना," तो म्हणाला. "चिनी, अरबी, कुठल्या कुठल्या. सर्व्हरला काय करायच्या? तिथं सगळं इंग्रजीतच चालतं. मी एका फटक्यात साफ केल्या."

त्यात आपली कुठं बसते, एवढं मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. पलीकडच्या काठावर बोंबील वाळत घातले होते, माझं ध्यान तिकडं.

आता चेतना ओव्हाळचं सांगतो, म्हंजे ह्या वहीनं काय केलं ते कळेल. चेतना माझ्याबरोबर पाणीखात्याच्या ऑफिसात होती. मी बाहेर पडलो, ती अजून आहे. घाटकोपरला आईबरोबर राहते. तिचा बाप खंडू ओव्हाळ मूळचा करमाळ्याकडचा, गोदीत हमाली करायचा आणि संध्याकाळी गाणी म्हणायचा. चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, जयंतीचा मंडप कुठंही पडो, 'खंडू ओव्हाळ आणि पार्टी' हा बोर्ड लागलेला असायचा. ढोलकीवर धोंडिराम, कोरसला खंडूची बायको द्रौपदीबाई. गाणी तो स्वतः रचायचा आणि डोक्यात ठेवायचा, कारण लिहायला हात बसलेला नव्हता. कुठल्या कंपनीनं त्याची कॅसेट काढली नाही. मंडपात कुणी टेप लावला असेल, तेवढंच राहिलं. अकरा वर्षांमागं खंडू वारला, तेव्हा घरात अशा कॅसेटींच्या दोन गोणी होत्या.

चेतनानं दोन वर्षांचे रविवार त्या गोण्यांत घातले. मागून आणलेला प्लेअर, मावसभावाचा लॅपटॉप. एकेक कॅसेट वाजवायची, गाणं वेगळं करायचं, त्याची फाइल करायची आणि भांड्यावर नाव घालतात तसं तिच्यावर नाव घालायचं, मराठीत: 'चेंबूर घाटला, १९८७, धोंडिराम ढोलकी'. कुठली वस्ती, कुठलं साल, कोण साथीला, सगळं. जे टाकाऊ होतं त्याला नाव घातलं नाही. नुसती खरखर, माइक तपासताना हॅलो हॅलो, रडणारं पोर, असल्याला मशीननं दिलेली इंग्रजी नावंच राहू दिली, ट्रॅक एक, ट्रॅक दोन. सगळ्या मिळून दोनशे बारा फाइली झाल्या.

ह्यात एक तुकडा द्रौपदीबाईचा होता. एक्क्याण्णव साली भर कार्यक्रमात कोरस म्हणताना तिचा ताल सुटला, तर खंडूनं गाणं थांबवून माइकवरच विचारलं होतं, "द्रौपदे, चुलीवर काय ठिवून आलीस का? ध्यान कुठाय?" मंडप हसून आडवा झाला. वस्तीतल्या बाया तीस वर्षं तिला भेटल्या की चुलीवर काय आहे म्हणून विचारत. कॅसेटीत ते ऐकल्यावर म्हातारीनं सांगितलं, तेवढं काप. चेतनानं ते गाण्यातून कापलं. पण बापाचं बोलणं फेकवेना, म्हणून टाकाऊ ढिगात ठेवून दिलं, बिननावाचं.

मग त्यांची चाळ पाडायला निघाली. भाड्याच्या एका खोलीत जायचं, गोण्या न्यायच्या कुठं, आणि कॅसेटींना बुरशी धरलेली. सगळं डिस्कमध्ये आहे ह्या भरवशावर दोन्ही गोण्या भंगारात गेल्या. लॅपटॉप मावसभावाकडं परत. उरली ती एक डिस्क, तळहाताएवढी. ह्या वर्षी मंडळानं ठरवलं होतं, की चौदा एप्रिलला वस्तीतल्या पोरापोरींनी खंडूची गाणी त्या रेकॉर्डिंगवरून शिकून मंडपात म्हणायची. आणि फेब्रुवारीत ती डिस्क टकटक आवाज करायला लागली. चेतना घाबरली. मला फोन करून म्हणाली, नाना, ही बसली तर बाप दुसऱ्यांदा जाईल, दुसरी प्रत करून देणारं कुणी आहे का?

आमच्या बिल्डिंगीत एक मोठा जाणकार आहे, असं मी माझ्याच तोंडानं बोललो.

टिपणिसाची बांधणी तेव्हा ऐन रंगात होती. मशीन फ्रिजच्या डोक्यावर बसवलेलं, कारण इंटरनेटची वायर तिथंच येते. एकदा बांधायला घेतलं की चौदा-चौदा तास घरघर. मुंबईचा मार्च, मशीन तापतं, म्हणून घरातला एकुलता टेबलफॅन त्याच्या तोंडाला लावलेला, आणि खाली ओट्याशी माणिकवहिनी, म्हंजे टिपणिसाची बायको, घामानं निथळतेय. व्होल्टेज हलतं म्हणून मिक्सरला बंदी. तेवीस दिवस त्या घरात खोबऱ्याची चटणी झाली नाही. मी गेलो तर वहिनी दाण्याचं कूट खलबत्त्यात करत होत्या, तेसुद्धा जपून, फ्रिजला हादरा बसतो म्हणून. मला बघून म्हणाल्या की आमच्या लग्नाची बोलणी इतके दिवस चालली नव्हती. टिपणीस आतून म्हणाला, घाईचं काम नसतं हे.

मी डिस्क पुढं केली. चेतनानं तिच्यावर डिंकानं एक चिठ्ठी चिकटवली होती, बॉलपेनानं लिहिलेली: एकूण २१२. टिपणिसानं आधी चिठ्ठी नखानं खरवडली. डिंक उष्णतेनं पाघळतो म्हणाला, आणि चिठ्ठीची गोळी करून केराच्या डब्यात टाकली. डिस्क विंडोजच्या पद्धतीची होती. ती वाचायला त्याला एक ऑप्शन निळ्या पेनानं 'हवे' करावा लागला. ते लिहिताना त्याचं तोंड असं झालं, की दुसऱ्याच्या ताटातलं खायला लावलंय.

तीन दिवसांनी जिन्यात भेटला. छाती पुढं.

"तुमचं काम चोख झालं," म्हणाला. "इकडं एकसष्ट, तिकडं एकसष्ट. ताळा जुळला. मग ती डिस्क साफ केली. सगळीकडं शून्यं भरली, तीन वेळा, विंडोजचा अंशसुद्धा ठेवला नाही. आता ती शुद्ध लिनक्स झाली. परत तिच्यावर प्रत काढून ठेवलीय. म्हणजे दोन प्रती झाल्या. बाईंना सांगा, हे त्यांनी मागितलं नव्हतं, मी आपलं करून दिलं."

कुणी मागितलं नव्हतं हे खरं. मला दोनशे बाराचा आकडा आठवायला पाहिजे होता. चिठ्ठी मी स्वतः बघितली होती. मी वा म्हणालो आणि भाजीला गेलो.

शनिवारी सकाळी चेतना आली. तिनं आदल्या दिवशी फोनवरून टिपणिसाचा सर्व्हर उघडून बघितला होता. दाराशी ती जरा थांबली, पाटी वाचली, मग बेल दाबली. आत बसल्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही. शांतपणे विचारलं, काका, एकशे एक्कावन्न गाणी कुठं आहेत?

टिपणीस म्हणाला, होती तेवढी सगळी आलीत, ताळा जुळलाय. वही उघडून एकसष्टचा आकडा दाखवला. चेतनानं फोनवरची यादी दाखवली: ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. मराठी नावाची एक फाइल नाही. टिपणिसाचं बोट वहीवर फिरत राहिलं आणि एका लाल ओळीवर येऊन थांबलं. त्यानं मिहिरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, पोरगा आपली बाजू घेईल ह्या हिशेबानं.

मिहिरनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा, युनिकोड बंद केलं होतंत?"

"जागा वाचते."

"किती वाचली?"

टिपणिसानं वहीत बघितलं. त्यानं तेही लिहून ठेवलं होतं. "साडेतीन एमबी."

"एका फोटोएवढी," मिहिर म्हणाला.

युनिकोड म्हंजे जगातल्या सगळ्या लिप्या वाचायची ती सोय. मग त्यानं जे सांगितलं ते मलाही कळलं. ज्या मशीनला लिपीच येत नाही, त्याला त्या लिपीतल्या नावाची फाइल दिसतच नाही. ते तिला ओलांडून पुढं जातं. ओलांडताना आपल्या नोंदीत एक ओळ लिहितं, की अशी अशी एक फाइल मी सोडली. टिपणिसाच्या मशीननं एकशे एक्कावन्न वेळा ते सांगितलं असतं, पण नोंदीपुढंही लाल पेनानं 'नको' होतं. मोजायला बसलं तेव्हाही मशीन तेच आंधळं, म्हणून इकडं एकसष्ट आणि तिकडं एकसष्ट. तयार प्रणाली घेतली असती तर हे सगळं चालूच आलं असतं, असंही मिहिर म्हणाला, पण ते त्यानं हळू म्हटलं.

चेतनानं विचारलं, डिस्कमधून परत काढता येतील का? मिहिर म्हणाला, नुसती फॉरमॅट केली असेल तर बऱ्याच निघतात. टिपणीस फॅनकडं बघत बसला. शेवटी मीच सांगितलं, की शून्यं भरलीत, तीन वेळा.

मग मिहिरनं विचारलं, "आई आहे का घरात?"

घरात कुणी गेलं की विचारतात तसं. माणिकवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्याच होत्या. आहे, म्हणाल्या.

एवढ्यावर टिपणीस गप्प राहिला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. माणसाकडून चुका होतात, माझ्याही ह्यात दोन आहेत. पण त्यानं चष्मा काढून पुसला आणि चेतनाला म्हणाला, "मुळात फाइलींना नावं इंग्रजीत द्यायची असतात. हा साधा नियम आहे. ज्यांना माहीत नसतं त्यांची अशी अडचण होते."

"तुमच्या दारावरची पाटी मराठीत आहे, काका."

"तो वेगळा विषय आहे."

"हो ना," चेतना म्हणाली. "ती बाहेरून वाचायची असते."

टिपणिसानं त्यावर लगेच एक उपाय काढला. लिपीचा ऑप्शन आत्ता चालू करतो आणि नव्यानं बांधायला घेतो, चौदा तासांत तयार होईल. तिच्यासमोरच उठून त्यानं बटणं दाबायला सुरुवात केली. मशीन घरघरायला लागलं. चेतनानं विचारलं, झाल्यावर त्यात काय भरू? तो वही चाळायला लागला.

तेवढ्यात आत मिक्सर सुरू झाला. टिपणीस ओरडला, अगं, बांधणी चाललीय. वहिनी तिथूनच म्हणाल्या, चालू दे. खोबरं बारीक होईपर्यंत त्यांनी मिक्सर थांबवला नाही, आणि मला वाटतं झाल्यावरही रिकामा फिरवला. चेतना उठली, डिस्क पर्समध्ये टाकली आणि निघाली.

मी तिच्याबरोबर घाटकोपरला गेलो. ज्यानं डिस्क नेली त्यानं म्हातारीसमोर उभं राहायला पाहिजे. द्रौपदीबाई खोलीत भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. जय भीम घातला. चेतनानं सांगितलं, आई, एवढीच राहिलीत. म्हातारी म्हणाली, लाव बघू.

एकसष्ट तुकडे आम्ही चेतनाच्या फोनवर ऐकले. चहा झाला, शेजारीण येऊन गेली. खरखर. हॅलो हॅलो, माइक चेक. खुर्च्या सरकवल्याचा आवाज. कुणाची तरी हरवलेली मुलगी स्टेजपाशी आहे, अशी घोषणा. दोन वर्षं रविवारी रविवारी निवडून जे चांगलं निघालं त्याला चेतनानं आपल्या हातानं नाव घातलं होतं, म्हणून ते गेलं. पाखडलेल्या सुपातलं धान्य गेलं आणि कोंडा मागं राहिला. आणि एकोणिसाव्या तुकड्याला एकदम खंडूचा आवाज आला, भरडा, खणखणीत, त्या खोलीत मावेना असा. द्रौपदे, चुलीवर काय ठिवून आलीस का? ध्यान कुठाय? आणि मागं मंडपाचं हसू. अकरा सेकंद.

म्हातारी मोबाइलकडं बघत राहिली.

"त्येवढंच काढ म्हनलं हुतं," ती म्हणाली. "त्येवढंच ठिवलं बघ मुडद्यानं."

आणि उठून भाकरीचं पीठ काढायला गेली. पुढचे तुकडे तिनं आतूनच ऐकले.

चौदा एप्रिलला मी गेलो होतो. मंडळानं कार्यक्रम रद्द केला नाही. धोंडिराम आता अठ्ठ्याहत्तरचा. त्याला सगळ्या गाण्यांच्या चाली हातात होत्या, शब्द एकही नाही. द्रौपदीबाईला शब्द येत होते ते फक्त कोरसचे, कारण जन्मभर तिनं तेवढंच म्हटलेलं. पोरापोरींना तिनं तेवढंच शिकवलं. मग मंडपात असं झालं, की ध्रुपद यायचं, चौदा गळ्यांतून, झकास, आणि जिथं खंडूचं कडवं असायचं तिथं नुसती ढोलकी. पुन्हा ध्रुपद, पुन्हा नुसती ढोलकी. मागच्या लोकांना वाटलं माइक गेला. दोघं वायर बघायला धावले.

तिसऱ्या गाण्याला पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून एक ओळ टाकली. त्याच्या शेजारचा म्हणाला, अशी नव्हती रे. दोघांची जुंपली, मागून तिसऱ्यानं वेगळीच सांगितली. चेतना स्टेजच्या कडेला डायरी घेऊन बसली होती. तिघांच्याही ओळी तिनं लिहून घेतल्या, कोण म्हणालं ते पुढं नाव घालून. अकरा गाण्यांतून रात्रीपर्यंत दीड कडवं ठरलं, तेही भांडून. द्रौपदीबाईचा ताल एकदाही सुटला नाही. ह्या वेळी तिला टोकायला कुणी नव्हतं आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी बघितलं, पण त्याबद्दल जास्त बोललो तर ती मला दारात उभं करणार नाही.

गेल्या आठवड्यात टिपणिसानं मला घरी बोलावलं. काहीतरी दाखवायचंय म्हणाला. फॅन अजून मशीनकडंच तोंड करून होता. त्यानं वही उघडली. त्या लाल ओळीवर रेघ मारून वर निळ्या पेनानं 'हवे' लिहिलं होतं, तारीख, सही. मग फोनवर त्यानं सर्व्हर उघडला. नवी घडी होती तिथं, म्हंजे फोल्डर, तिच्यावर नाव देवनागरीत: खंडू ओव्हाळ.

"अक्षर बघा नाना," तो म्हणाला. "उकारात जराही फरक नाही. कुठल्याही फोनवर असंच दिसणार."

खरंच स्वच्छ दिसत होतं. मी बोट लावलं, घडी उघडली. आत काही नव्हतं.

तो म्हणाला, बाईंना सांगा, जे काही उरलं असेल ते पाठवा, आता काही अडचण नाही. मी सांगतो म्हटलं नाही आणि सांगणारही नाही. चहा टाकायला सांगू का, असं त्यानं विचारलं. नको म्हटलं, आणि पाटी लावलेलं ते दार बाहेरून ओढून घेतलं.